कोणाच्या कानांसाठी?

गेल्या दिवाळीत भाचा राहायला आला होता. जेवणं आटोपल्यावर मी त्याला लेड झेपलिन या रॉक बँडचा 'लेड झेपलिन टू' हा अल्बम ऐकवत होतो. एलपी सत्तरच्या दशकातली, अमेरिकी प्रेसिंगची, म्हणजे तिकडे छापलेली, चोर बाजारातून आणलेली. कव्हरच्या कडा झिजून पांढऱ्या पडल्यात, पण तबकडी मी निगुतीनं धुऊन-पुसून ठेवलेली आहे. पहिलं गाणं संपेपर्यंत तो मुकाट्यानं ऐकत बसला. मग म्हणाला, "मामा, आता तेच माझ्या फोनवरून लावू?" फोन त्याच अँप्लिफायरला जोडला. स्पीकर तेच, खोली तीच, गाणं तेच. अर्ध्या मिनिटात माझ्याकडे वळून म्हणाला, "यात जास्त ऐकू येतंय ना?" जिंकल्याचा सूर नव्हता त्यात, खरंच विचारत होता तो. मी चहा टाकायला उठलो. पण तो परत गेला तरी वाक्य घरातच राहिलं. जास्त म्हणजे काय जास्त? आवाज जास्त, खर्ज जास्त, की गाणंच जास्त?

या छंदातली जुनीजाणती माणसं अशा वेळी पहिला प्रश्न विचारतात तो व्हॉल्यूमचा. फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी १९३३ सालीच दाखवून दिलंय की आवाज लहान असला की आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो, अगदी वरचे सूरही मागे पडतात; आवाज वाढवला की दोन्ही टोकं पुढे येतात. म्हणून दोन आवृत्त्यांमधली एक जराशी मोठ्यानं वाजत असली, अगदी एखाद्या डेसिबेलनं का होईना, तर कान तिला 'मोठी' म्हणत नाही, 'चांगली' म्हणतो. भरीव म्हणतो, मोकळी म्हणतो. तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी एक करावी लागते, आणि कोणती वाजतेय हे ऐकणाऱ्याला माहीत नसावं लागतं. तसं मी केलं. खुर्चीत जिथे माझं डोकं असतं तिथे फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप धरून पातळी जुळवली, डोळे मिटून बसलो आणि बायकोला सांगितलं, मला न कळवता बदलत राहा. तिनं हे काम फार मनापासून केलं. मधूनच बदलल्यासारखं करून बदलायचीच नाही.

पातळी जुळवल्यावर बऱ्याच गोष्टी विरघळून गेल्या. फोनवरच्या आवृत्तीत (ती २०१४ची, बँडचा गिटारवादक जिमी पेजच्या देखरेखीखाली जॉन डेव्हिसनं मास्टर केलेली, म्हणजे ध्वनी शेवटचा जुळवून दिलेली) जे काही झगमगीत वाटलं होतं, त्यातलं निम्मं नुसत्या आवाजाचं होतं. पण सगळं विरघळलं नाही. 'रॅम्बल ऑन'मध्ये जॉन पॉल जोन्सचा बेस गाण्याच्या खालून जी स्वतंत्र चाल बांधत जातो, ती माझ्या एलपीवर मला अंदाजानं ऐकावी लागत होती. फोनवर ती सरळ पुढ्यात होती. सुईचा दोष नव्हता, तबकडीही झिजलेली नव्हती. त्या प्रेसिंगमध्ये तो खर्ज मुळातच कमी घातलेला होता.

तो कमी का घातला, याची गोष्ट रॉक ऐकणाऱ्यांच्या जगात प्रसिद्ध आहे, पण मला ती दर वेळी नव्यानं आवडते. १९६९ साली न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंड या मास्टरिंग स्टुडिओत बॉब लुडविग नावाच्या तरुण इंजिनियरनं हा अल्बम पहिल्यांदा कापला. कापला म्हणजे टेपवरच्या ध्वनीवरून लॅकरच्या चकतीत खाच कोरली. पुढे त्याच खाचेवरून लाखो प्रती निघणार. लुडविगनं त्या संगीताला शोभेल अशी दणदणीत खाच कोरली. खर्जाची खाच रुंद असते, इकडून तिकडे झोके घेत जाते. स्वतः लुडविगनं सांगितलेली हकीकत अशी, की सुरुवातीची एक प्रत अटलांटिक कंपनीतल्या वरिष्ठाच्या घरातल्या लहान मुलीच्या स्वस्तातल्या रेकॉर्ड प्लेयरवर चढली आणि सुई उडाली. झालं. कंपनीनं अल्बम पुन्हा कापून घेतला, खर्ज आवरून, चढउतार दाबून. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत बहुतेकांनी ऐकला तो हा शहाणा केलेला अल्बम. लुडविगच्या प्रती ओळखायच्या त्या शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीत हातानं कोरलेल्या 'आरएल' या अक्षरांवरून. तबकडी दिव्याखाली तिरकी धरावी लागते, मग ती दिसतात.

अशी एक प्रत मी ऐकली आहे, पुण्यातल्या एका संग्राहकाच्या घरी. खोली लहान होती, भर उन्हाळा होता, आणि आवाज नको म्हणून त्यांनी पंखा बंद केला होता. पहिल्या गाण्यातला तो मधला गोंधळाचा भाग संपून बॉनहॅमचे ड्रम परत येतात तिथे मला छातीवर काहीतरी आदळल्यासारखं झालं. व्हॉल्यूम तर माझ्या घरच्यापेक्षा कमीच होता. ड्रमच्या दोन ठोक्यांमध्ये जागा होती, आणि त्या जागेत खोलीचा भास होता: लाकूड, भिंती, हवा. शेवटाकडे प्लांटचा आवाज यायच्या आधी त्याच ओळीची एक पुसट हाक लांबून ऐकू येते. दुसऱ्या ट्रॅकवरचा जुना आवाज झिरपून आलेला, काही केल्या पुसता येईना म्हणून ध्वनिमुद्रक एडी क्रेमर आणि पेजनी त्यावर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकून त्यालाच गाण्याचा भाग करून टाकलं. ती हाक मी असंख्यदा ऐकली होती. त्या दुपारी ती मला माझ्या मागच्या भिंतीतून आल्यासारखी वाटली आणि मी खरंच मान वळवली.

जिच्या प्लेयरवर सुई उडाली त्या मुलीला तो अल्बम आवडला होता का, हे कोणी कधी विचारलेलं दिसत नाही.

गंमत अशी की 'आरएल' ऐकून आल्यावर माझी शहाणी प्रत मला नकोशी झाली नाही. मला ती वेगळीच दिसायला लागली. कोणीतरी बसून विचार केला होता की ही रेकॉर्ड कुठे वाजणार: कुठल्या तरी पोराच्या झोपायच्या खोलीत, प्लास्टिकच्या प्लेयरवर, जड हाताच्या टोनआर्मखाली. त्या पोरासाठी खर्ज आवरला गेला. बीटल्सच्या १९६५च्या 'रबर सोल'चंही काहीसं तसंच. इंग्लंडातली पहिली मोनो (म्हणजे एकाच स्पीकरसाठीची) कटिंग फार जोरकस झाली म्हणून लवकरच बदलली गेली, आणि आता त्याच 'लाउड कट'साठी लोक खिसा रिकामा करतात. प्रत्येक आवृत्तीच्या मागे अशी एक कल्पनेतली खोली असते, आणि त्या खोलीत बसलेला कल्पनेतला श्रोता. आवृत्त्यांची तुलना करताना मी आता आधी त्या श्रोत्याचा चेहरा शोधतो. तो सापडला की ध्वनी कळायला लागतो.

मी स्वतः मात्र अशा कुठल्याच खोलीत बसलेलो नव्हतो. मी पिंक फ्लॉइड या बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' पहिल्यांदा ऐकला तो एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. मोठ्या भावाच्या मित्राच्या काकांकडे एलपी होती, त्यावरून कोणीतरी उतरवून घेतलेला, त्यावरून आणखी कोणीतरी, आणि मग आमच्याकडे. त्रेचाळीस मिनिटांचा अल्बम पंचेचाळीस मिनिटांच्या एका बाजूत बरोबर मावतो. पहिल्या बाजूच्या शेवटी गायिका क्लेअर टोरीचा आवाज विझत जातो आणि 'मनी'ची नाणी खणखणतात, त्यांच्या मध्ये आमच्या कॅसेटवर एक 'खट्' होतं. ज्यानं कोणी उतरवलं त्यानं तिथे रेकॉर्ड उलटताना पॉज दाबला होता. मला कित्येक वर्षं तो अल्बमचाच भाग वाटत असे. सुरुवातीची हृदयाची धडधड तर कॅसेटच्या सरसरीत बुडूनच गेलेली. ती कधी सुरू होते हे कळायचं नाही, मध्येच केव्हातरी लक्षात यायचं की अरे, सुरू झालीये. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी घरातले सगळे झोपलेले असताना, टेपरेकॉर्डरला जवळजवळ कान लावून मी ती धडधड पकडायचा खेळ खेळत असे.

कॅसेट उतरवताना सरसर कमी करणारं डॉल्बी लावलेलं होतं आणि आमच्या टेपरेकॉर्डरला डॉल्बी नव्हतं, हे पुढे कळलं. डॉल्बी रेकॉर्ड करताना वरचे बारीक सूर उचलून ठेवतं आणि वाजवताना तेवढेच खाली आणतं. वाजवणाऱ्या यंत्रात ती सोय नसली तर ते उचललेलेच राहतात. म्हणजे आमच्या घरातल्या सिंबल्स खऱ्यापेक्षा तेज होत्या. 'टाइम'मधली घड्याळं (ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सनी जुन्या वस्तूंच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केलेली) टाचण्या सांडाव्यात तशी कानात शिरायची. बऱ्याच वर्षांनी काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून सीडी आणली, घरी येऊन लावली आणि घड्याळं मऊ निघाली. सगळं स्वच्छ, सरसर नाही, खट् नाही, धडधड पहिल्या सेकंदापासून ऐकू येतेय, आणि मी उदास होऊन बसलो. शोधायलाच काही उरलं नव्हतं. कान कशाला 'मूळ' मानतो हे असं ठरतं. मास्टर टेप लंडनमध्ये तयार झाली, ते मला ठाऊक आहे. पण माझ्या आत जी मास्टर टेप आहे तिच्यावर तो खट् आहे, आणि कुठलीही नवी आवृत्ती ऐकताना मी नकळत तिच्याशीच ताडून पाहत असतो. हे ओलांडता येत नाही. निदान मला आलेलं नाही.

तरी 'डार्क साइड'च्या आवृत्त्या मी जमवत राहिलो, आणि त्यातली २००३ची एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, खास प्लेयरवर वाजणारी) मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. एकाच तबकडीवर दोन थर असतात, एक एसएसीडीचा आणि एक साध्या सीडी प्लेयरवर वाजणारा. आपण समजतो की दोन्हींवर तेच संगीत, फक्त साठवायची पद्धत वेगळी. बाहेर आल्याबरोबर 'स्टिरिओफाइल' मासिकानं मोजून दाखवलं की सीडीचा थर जास्त दाबून मोठा केलेला आहे. म्हणजे ज्याला वाटलं की एसएसीडी तंत्रच श्रेष्ठ, त्याच्या कानांनी फरक खराच ऐकला होता, कारण मात्र तंत्रात नव्हतं. ते होतं निर्णयात. कोणीतरी धरून चाललं होतं की महागड्या प्लेयरवाला शांत खोलीत ऐकेल, आणि साध्या प्लेयरवाला गाडीत. हे मला खटकतं. साध्या प्लेयरवाल्याच्या घरात रात्रीची शांतता नसते?

बीटल्सचं प्रकरण याच्या उलट आहे. १९६७ साली 'सार्जंट पेपर'च्या मोनो मिक्सवर ते चौघे आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन घासून बसले होते, कारण इंग्लंडातल्या बहुतेक घरांत एकच स्पीकर होता. स्टिरिओ मिक्स नंतर उरकलं गेलं, ते चौघे खोलीत नसताना. आम्ही सगळे वाढलो ते या उरकलेल्या मिक्सवर. मोनो पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'शीज लीव्हिंग होम' ओळखीचं असून अनोळखी वाटलं. मोनोमध्ये ते जास्त वेगानं आणि चढ्या सुरात आहे. घर सोडून जाणारी ती मुलगी स्टिरिओमध्ये पोक्त वाटते, मोनोमध्ये खरंच सतराअठराची. 'ल्यूसी' मोनोत जास्त रेंगाळते, जास्त धूसर आहे. आणि 'व्हाइट अल्बम'मधलं 'हेल्टर स्केल्टर' मोनोत संपतं ते संपतंच, रिंगोची ती बोटांना फोड आल्याची आरोळी येतच नाही. हा ध्वनीच्या गुणवत्तेतला फरक म्हणायचा का? मला वाटतं ही वेगळीच गाणी आहेत. २०१४ साली मोनो एलपी पुन्हा निघाल्या, मूळ टेपवरून, मध्ये कुठेही डिजिटल टप्पा न ठेवता. त्यातला 'सार्जंट पेपर' एका स्पीकरवर लावून समोर बसावं. आवाज डावीकडे-उजवीकडे पांगत नाही, एकामागे एक रांगेत उभा राहतो, आणि खोल जातो.

टेपच्या पावित्र्याबद्दल फार बोललं जातं. फ्लीटवूड मॅक या बँडच्या 'रूमर्स'च्या वेळी मूळ टेप इतक्यांदा फिरवली गेली होती की तिच्यावरचा लेप झिजून ड्रमची धार गेली. शेवटी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी जोडीनं चालवलेली दुसरी टेप काढली, आणि वेग हातानं जुळवत नंतरचं सगळं तिच्यावर चढवलं. १९७७ साली लोकांनी जे 'मूळ' म्हणून विकत घेतलं ते असं सांधलेलं होतं, आणि काय सुंदर वाजतं!

सगळ्यात जास्त त्रास होतो तो गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या दाबादाबीचा. गाण्यातले हळू भाग वर उचलायचे, मोठे भाग छताला टेकवायचे, म्हणजे रेडिओवर, गाडीत, इअरफोनवर आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाटेल. सगळेच टाचा उंचावून उभे राहिले की कोणीच उंच दिसत नाही. २००८ साली मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये घातलेली तीच गाणी सीडीपेक्षा मोकळी आहेत. पोरं गेममधून गाणी काढून ऐकायला लागली. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांचं म्हणणं असं होतं की आपल्याकडे आलं तेव्हाच ते दाबलेलं होतं. जेन्सन होते स्टर्लिंग साउंडमध्ये, म्हणजे एकोणचाळीस वर्षांपूर्वी लुडविगनं जिथे ती सुई उडवणारी खाच कोरली होती तिथेच. सुई उडेल म्हणून एका काळी आवाज आवरावा लागला. सुई गेली, आवरायचं कारण गेलं, आणि मग ठोक्यांमधली जागाच गेली. मी अशा सीडी पूर्ण ऐकू शकत नाही. तिसऱ्या गाण्याशी अंग आखडतं, मन दुसरीकडे जातं, आणि संगीत कंटाळवाणं आहे असा उगाच समज होतो. रश या बँडनं आपला २००२चा 'व्हेपर ट्रेल्स' २०१३मध्ये पुन्हा मिक्स करून दिला, तेव्हा कळलं की त्या धुराळ्यात किती गाणं गाडलं गेलं होतं.

आणि कानांवर किती विश्वास ठेवायचा? मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या एलपी वर्षानुवर्षं निखळ अ‍ॅनालॉग म्हणून नावाजल्या गेल्या. २०२२ साली उघड झालं की त्यांतल्या पुष्कळशा एलपींच्या साखळीत डिजिटल टप्पा होता. डिजिटल म्हटलं की नाक मुरडणाऱ्या अनुभवी कानांनाही तो ऐकू आला नव्हता. फसवणूक झाल्याचा राग योग्यच होता. ग्राहकाला खरं सांगायलाच हवं. पण मला त्या बातमीनं एका अर्थी दिलासा दिला. त्या रेकॉर्ड आदल्या दिवशी जितक्या सुंदर वाजत होत्या तितक्याच दुसऱ्या दिवशीही वाजत होत्या. टेपपासून खाचेपर्यंत कोणी किती काळजी घेतली हे यंत्राच्या जातीपेक्षा जास्त ऐकू येतं, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

कल्पनेतल्या श्रोत्याचा विचार करताना मला सारखी दमदमची आठवण येते. कलकत्त्याजवळच्या दमदमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता. ब्रिटनमध्ये ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) तबकड्या बंद पडल्यावरही तिथे साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणी ७८वर निघत होती, लाखेच्या, पडली तर फुटणाऱ्या तबकड्यांवर. कारण आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन अजून घरोघर होते आणि वीज घरोघर नव्हती. आज जगभरचे संग्राहक त्यांच्यामागे असतात. पुण्याच्या जुन्या बाजारात एका माणसाकडे मी अशी एक पाहिली, पार्लोफोनचं लेबल, खाली 'मेड इन इंडिया', कडेला टवका उडालेला. त्याच्याकडे चालू ग्रामोफोन होता आणि त्यानं हौसेनं लावून दाखवली. पोलादी सुई, भोंगा, भोवती भावतोल करणारी माणसं. खर्ज जवळजवळ नव्हताच, सरसर इतकी की गिटार तिच्यामागून डोकावत होती. पण लेननचा आवाज, तो भोंग्यातून सरळ तोंडासमोर आला, उघडा, किंचित घोगरा, समोर उभं राहून कोणी ओरडून बोलावं तसा. इतक्या आवृत्त्यांमध्ये ही एकच अशी, जिचा कल्पनेतला श्रोता माझ्या आजोबांच्या घरात बसू शकला असता. आजोबांनी बीटल्स ऐकले असते का, कोण जाणे. त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन मात्र होता, आणि त्यावर बालगंधर्व वाजत.

ओळखीतली मुलं आता विचारतात, एकच घ्यायची तर कुठली घेऊ? 'सार्जंट पेपर' असेल तर मी डोळे मिटून २०१४ची मोनो सांगतो. 'झेपलिन टू'ची 'आरएल' परवडत असेल आणि खरंच चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर घ्या, नाहीतर भाच्याच्या फोनवरची २०१४ची आवृत्ती उत्तम आहे, खर्ज शोधायला लागत नाही. 'डेथ मॅग्नेटिक' कोणी विचारत नाही. 'डार्क साइड'चं विचारलं की मी आधी उलट विचारतो: कशावर ऐकणार, घरात की गाडीत, एकटा की चौघांत, दिवसा की रात्री? बहुतेकांकडे याचं उत्तर तयार नसतं. मग मी त्यांना घरी बोलावतो, आणि दोन-तीन आवृत्त्या सारख्या पातळीवर लावून देऊन स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसतो.